खिडकीतली स्वस्त फुलं

थंडी सरता सरत नव्हती. इस्पितळाच्या धोबीखात्यात ओल्या चादरी पिळून पिळून सुनेचे हात सोललेले असायचे. एका संध्याकाळी घरी येताना तिनं सुपरमार्केटातून फुलांची रोपं आणली. दाराशीच, शिळ्या पावांच्या शेजारी, स्वस्तात मांडून ठेवली होती. प्लास्टिकच्या चिमुकल्या कुंड्या आणि त्यांत पिवळी, किरमिजी, जांभळी फुलं गच्च भरलेली.

"चार दिवसांत माना टाकतील," सासूबाई म्हणाल्या.

"टाकू देत. तोवर तर बघू."

सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला, कुठल्याही रंगाला नाक मुरडायची सवय. पण दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली तेव्हा कुंड्या उन्हाच्या खिडकीत सरकल्या होत्या, सुकलेल्या पाकळ्या खुडलेल्या होत्या आणि बाई खुर्ची ओढून समोर बसल्या होत्या.

"ही पिवळी फार आगाऊ आहे. जांभळीला नीट उभंच राहू देत नाही."

दोघी कितीतरी दिवसांनी हसल्या. चहाही तिथेच प्यायल्या.

सासूबाईंचा मुलगा ट्रक चालवायचा. फेरीवरून परतायचा तो धुमसतच. या घरात मार नवा नव्हता. तो सुरू झाला की सासूबाई आतल्या खोलीत जाऊन शिवणयंत्र चालवत बसायच्या, काही ऐकू येऊ नये म्हणून.

एका दुपारी तो फेरीवरून आला आणि त्याची नजर खिडकीवर गेली. "मी तिकडे मरमर मरतोय आणि तुम्ही इथे बागा फुलवताय?"

"माझ्या पगारातली आहेत," सून म्हणाली.

त्यानं हाताच्या एका फटक्यात खिडकी मोकळी केली आणि फुलांवर बूट रगडला. सून रोपं उचलायला वाकली, तर केस धरून तिचं डोकं खिडकीच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं.

सासूबाई उठल्या. सवयीनं आतल्या खोलीकडे वळल्याही. मग थांबल्या, कपड्यांच्या ढिगाजवळची लोखंडी इस्त्री उचलली आणि मुलाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला. त्यानं दुसऱ्या हातानं आईला भिंतीवर ढकललं. इस्त्री त्यांनी सोडली नाही. पुढचा घाव गुडघ्यावर बसला आणि तो खाली कोसळला.

"आई, अगं मी आहे."

"दिसतंय मला."

शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. इस्पितळात फौजदार समजुतीनं म्हणाला, "आजी, जिन्यावरून पडला असेल ना?"

"नाही. मी मारलं. आणि त्यानं हिला लग्नापासून काय काय केलं तेही सांगते. लिहून घ्या."

त्या सांगत राहिल्या. भुवईला टाके पडलेल्या सुनेनं त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

मुलगा त्या घरात परत आला नाही. दोघींवर हात उचलल्याबद्दल त्याला शिक्षा झाली; आईला न्यायाधीशांनी समज देऊन सोडलं. सासूबाई अजून कधी कधी जेवताना मध्येच थांबून त्याच्यासाठी रडतात. सून त्यांना गप्प करायला जात नाही. त्यांचं ताट झाकून ठेवते आणि शेजारी बसून राहते.