चुकीच्या वाऱ्यासाठी भरलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. खोटं मी बोलत नाही. थोडं फुगवून सांगते एवढंच. लाकूड आहे शेवटी, समुद्रावर राहून फुगणारच.

शिमे नावाच्या सुताराने मला फुटक्या नावेच्या फळ्यांतून बनवलं. आतून जस्ताचा पत्रा, बाहेरून निळा रंग, दोन्ही बाजूंना दोराचे कान. पोटात चाळीस पुस्तकं, किल्लीचा एक ग्रामोफोन आणि वीस तबकड्या मावायच्या. शिमे म्हणाला होता, "ही बुडायची नाही." आणि खरंच, एकदा मी होडीतून पडले तर दोन दिवस तरंगत राहिले, आणि एक पाणकावळा माझ्यावर बसून अख्खी कादंबरी वाचून गेला म्हणतात. मी आतून बंद होते, मला कसं दिसणार? पण लोक म्हणतात.

माझं काम काय? आमच्या दाल्मातियाच्या किनाऱ्यासमोर खडकाखडकावर दीपगृहं आहेत. एका खडकावर एक दिवा आणि एक माणूस. दर तीन आठवड्यांनी होडी यायची, पीठ, तेल, खारवलेले मासे उतरवायची, आणि सोबत मला. तीन आठवडे मी त्या माणसाकडे, मग पुढच्या खडकावर. एकट्या माणसाला वाचायला काय द्यायचं आणि ऐकायला काय द्यायचं, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. म्हणजे मला आणि यागोदाकाकूंना. बंदरातल्या कोठारात मला भरायच्या त्या. निवृत्त शाळामास्तरीण, नाकावर चष्मा आणि जिभेवर सुरी.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगते. आमच्याकडे वारे दोन. बूरा येतो डोंगरावरून, कोरडा, गार, आभाळ घासूनपुसून लख्ख करणारा. बूऱ्यात माणसाचं डोकं साफ असतं. आणि यूगो येतो दक्षिणेकडून, ओला, कोमट, चिकट. भिंतींना घाम फुटतो, मिठाचा गोळा होतो, आणि माणसाला आयुष्यात केलेलं सगळं चुकलंय असं वाटायला लागतं. यूगोत आमच्याकडे कुणी लग्न ठरवत नाही, कुणी भांडण मिटवत नाही, न्हावीसुद्धा नवीन वस्तरा काढत नाही.

म्हणून माझ्या झाकणाच्या आत दीपगृहवाल्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, काय कुठल्या वाऱ्यात. "हे जाडं पुस्तक फक्त बूऱ्यात. तिसऱ्या भागात आई मरते." "ही तबकडी यूगोत लावू नका. मी लावली आणि सासऱ्याची माफी मागणारं पत्र लिहून बसलो." "हे पुस्तक दाढी करताना वाचू नये, हसून गाल कापला." किती जणांचे गाल, किती जणांची आसवं! सगळे मला थोपटायचे, म्हणायचे, "ही पेटी नसती तर वेडे झालो असतो."

मग एक वाईट वर्ष आलं. ग्लूहा नावाच्या सगळ्यांत लांबच्या खडकावर एकामागून एक तीन माणसं टिकली नाहीत. बंदरातले साहेब म्हणाले, चौथाही पळाला तर तिथे आपोआप पेटणारा दिवा बसवून दाराला कुलूप. आणि एकदा एका खडकाला कुलूप लागलं की बाकीच्यांनाही लागणार. माणूस नाही तर पेटी कशाला?

तो चौथा म्हणजे दिन्को. अकरा भावंडांतला सातवा. जन्मात कधी एकटा बसला नव्हता. घरी आंघोळीलासुद्धा दाराबाहेर दोघं नंबर लावून भांडत असायची. ग्लूह्यावर उतरला आणि पहिल्याच दिवशी त्याने टेबलावर होती तेवढी तिन्ही ताटं मांडली. सवय!

आणि त्याच वेळी यागोदाकाकूंचा अंदाज चुकला. डोंगरावर टोपीसारखा ढग दिसला आणि त्या म्हणाल्या, "तीन आठवडे बूरा. भरा जाडजूड." त्यांनी माझ्यात रडवणाऱ्या कादंबऱ्या कोंबल्या आणि वर शोकगीतांच्या तबकड्या. होडी मला ग्लूह्यावर टाकून वळते न वळते तोच दक्षिणेकडून यूगो सुटला. आणि असला यूगो! सतरा दिवस! दिन्कोच्या मिशा सतरा दिवस उत्तरेकडेच बघत होत्या. मासे बाहेरच्या पाण्याला कंटाळून पायऱ्यांवर येऊन बसायचे. बरं, दोनच बसले असतील. पण बसले.

दिन्को आमचाच पोरगा, यूगोचं त्याला कळत होतं. चार दिवस त्याने मला उघडलं नाही. बुटांशी गप्पा मारल्या. डावा बूट जास्त समजूतदार आहे असं त्याचं मत झालं. पाचव्या दिवशी ती शांतता त्याला इतकी कानात टोचायला लागली की त्याने झाकण वर केलं, त्यावर लिहिलेलं सगळं वाचलं, आत बघितलं. सगळंच बूऱ्याचं.

"मेलो," तो म्हणाला, आणि सगळ्यांत जाड पुस्तक उचललं.

त्यात एक मुलगी खिडकीत आपल्या प्रियकराची अकरा वर्षं वाट बघते. बाराव्या वर्षी तो परत येतो आणि शेजारचं घर विचारतो. दिन्को तीन दिवस रडला. मग तबकडी लावली, चर्चमधल्या बारा म्हाताऱ्यांचं मयताचं गाणं. ते संपल्यावर त्याने कागद घेतला आणि साहेबांना लिहिलं, "मला इथून न्या. मी माणसांतला माणूस आहे." कागद घडी करून माझ्यात ठेवला. माझ्या पोटात तो दगडासारखा बसला, मित्रांनो. होडी आली की तो कागद जाणार आणि ग्लूह्याला कुलूप.

रोज दुपारी बारा वाजता सगळ्या दीपगृहांनी बिनतारी यंत्रावर हवामान सांगायचं, असा नियम होता. नवव्या दिवशी दिन्कोने कसंबसं सांगितलं, "वारा दक्षिण. लाटा मोठ्या. माणूस संपला."

पलीकडून शिलोच्या दीपगृहातले प्रोश्पेर बोलले. सत्तरीचे. त्यांना सगळे बार्बा म्हणायचे, आपण काका म्हणतो तसं.

"काय रे, रडतोयस?"

"नाही बार्बा. सर्दी."

"काय वाचतोयस ते सांग आधी."

"खिडकीतली मुलगी."

"अरे गाढवा! यूगोत? त्यापेक्षा चुना खाल्ला असतास!"

"दुसरं काहीच नाहीये पेटीत. सगळं बूऱ्याचं भरलंय."

बार्बांनी घसा साफ केला. "बरं. माझ्याकडे एक पुस्तक आहे. कुठून आलं विचारू नकोस. रोज हवामान झालं की एक प्रकरण वाचेन. तंगड्या पसरून बस."

गोष्ट होती एका गावातल्या दोन न्हाव्यांची. दोघांचा जीव एकाच विधवेवर. दोघांत वैर असं की एकाने सुरू केलेली दाढी दुसरा पुरी करायचा नाही, आणि ती विधवा दर सोमवारी मर्जीतला न्हावी बदलायची, की नाकारलेला हातातला वस्तरा टाकून रुसायचा, म्हणून अख्खं गाव अर्ध्या दाढीने फिरत होतं. पाद्रीसुद्धा! दुसऱ्या प्रकरणात दिन्को हसला. हसला म्हणजे, आधी खोकला आला असं त्याला वाटलं.

आणि तेवढ्यात यंत्रातून तिसरा आवाज आला, सुरीसारखा.

"प्रोश्पेर! ते दोन न्हाव्यांचं पुस्तक आहे का?"

यंत्रात पुस्तक फटकन मिटल्याचा आवाज आला.

"आठ वर्षं! आठ वर्षं मला सांगतोयस की ते शेळीने खाल्लं!"

"यागोदा, तिने चाखलं होतं खरं. कोपरा गेलाय."

"चोर! म्हातारा चोर! मी त्या मुक्या शेळीला आठ वर्षं शिव्या घातल्या!"

"बंद करू का वाचायचं?" बार्बांनी बारीक आवाजात विचारलं. खरं तर त्या यंत्रावर हवामानाशिवाय शब्द काढायला बंदी होती, आणि नियम पाळायला लावायचं काम बंदरात यागोदाकाकूंकडेच होतं.

"वाच," काकू म्हणाल्या. "पण बाईचा आवाज बारीक काढ. ती विधवा आहे, बोट ओढणारा हमाल नाही. आणि दिन्को, बाळा, पेटी मी चुकीची भरली. माझ्या चष्म्याला बूरा दिसला, गुडघ्यांना यूगो कळत होता, मी चष्म्याचं ऐकलं."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या खडकांवर बारा वाजता लोक यंत्राला कान लावून बसायला लागले. बार्बा म्हणाले, "मी फुकट वाचणार नाही. माझा ग्रामोफोन कधीच मेला. प्रकरण झालं की दिन्कोने गाणं ऐकवायचं."

"बार्बा, माझ्याकडे फक्त मयताची आहेत."

"मग काहीतरी कर त्यांचं."

दिन्को विचार करत बसला. पहिल्यांदाच तो बुटाला न विचारता विचार करत होता. मग त्याने ग्रामोफोनची वेगाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. काय सांगू! ते बारा म्हातारे एकदम बारा चिमण्यांसारखे किचकिचायला लागले आणि मयताची नाचतनाचत वरात निघाली. तिकडे शिलोवर बार्बांची शेळी मागच्या पायांवर उभी राहून गिरक्या घेत होती, हे बार्बांनी शपथेवर सांगितलं. मग दिन्कोला नादच लागला. हे सावकाश ऐकून बघ, ते भरभर. तिसऱ्या तबकडीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी कधी सुई ठेवली नव्हती, तिथे त्याला एका बाईची लहानशी गुणगुण सापडली. ती त्याने कुणालाच ऐकवली नाही. स्वतःसाठी ठेवली. पायरीवर बसून एकटाच ऐकायचा, अंजीर चघळत. टेबलावर आता एकच ताट असायचं.

अठराव्या दिवशी बूरा आला. आभाळ लख्ख, समुद्र खडूसारखा पांढरा. तीन दिवसांनी लाटा बसल्या आणि होडी आली. न्हाव्यांची तीन प्रकरणं बाकी होती. नाखवा बाल्दोने आधी शिलोवर जाऊन, काकूंच्या हुकमाने, ते पुस्तक बार्बांच्या हातातून काढून आणलं होतं. शेळीने निघताना होडीवर थुंकून निषेध केला.

"घे तुझे न्हावी," बाल्दो म्हणाला. "आणि साहेबांनी निरोप दिलाय, जायचं असेल तर सामान टाक होडीत. तुझी आई रोज विचारते. धाकटीचं ठरतंय, थोरल्याने गाढव घेतलं, मधला..."

दिन्को पायरीवर उभा. हातात पुस्तक, बोट तेराव्या प्रकरणात. मी खाली पडलेली, झाकण उघडं, आत तो घडी केलेला कागद. त्याने वाकून कागद उचलला.

बाल्दो बोलतच होता. गावभरच्या गोष्टी. दिन्कोने भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला. पानाकडे बघितलं. परत बाल्दोकडे बघितलं.

"...आणि मी वाटेत शेवट चाळला बरं का, ती विधवा शेवटी..."

"तोंड बंद!" दिन्को इतक्या जोरात ओरडला की दोन पाणकावळे समुद्रात पडले. मग हळूच म्हणाला, "बाल्दो, बोलून झालं का? मला वाचायचंय."

त्याने साहेबांना लिहिलेलं खोडलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "यागोदाकाकू, पुढच्या वेळी तिन्ही प्रकारचं पाठवा. बूऱ्याचं, यूगोचं आणि दोन्ही नसताना वाचायचं. ईस्टरपर्यंत कुणा नातेवाइकाला पाठवू नका." आणि तो कागद बाल्दोच्या खिशात कोंबून त्याने होडी स्वतः ढकलली.

माझ्या सगळ्या फळ्या सैल पडल्या, मित्रांनो. सतरा दिवस फुगलेलं लाकूड एकदम सुकावं तसं झालं.

दिन्को ग्लूह्यावर एकतीस वर्षं राहिला. आता तो खाली गावात असतो आणि मी त्याच्या खिडकीखाली. माझे दोराचे कान तुटलेत, पत्र्याला भोकं पडलीत, मधे काही वर्षं तर माझ्यात बटाटे होते. सहन केलं. बटाट्यांना गोष्टी सांगितल्या, त्यांना मोड आले.

एवढंच मागते. कुणी एकटं असेल तर त्याला नुसतं पुस्तक देऊ नका, आधी त्याच्या दाराशी उभं राहून वारा कुठला आहे ते बघा. आणि तो वाचत असेल तर गावगप्पा आवरा, आणि शेवट तर मुळीच सांगू नका. त्या विधवेने कोणता न्हावी केला, हे मला पक्कं माहीत आहे. पण मी सांगणार नाही.