अंजनवेल केंद्राची अठरा मिनिटं

२००६ सालच्या जुलैमध्ये मनस्विनी आगाशे रोज सकाळी दहाला रत्नागिरीच्या मच्छीमार संघाच्या कचेरीत येऊन बसायची. पुण्यातली नोकरी सोडून ती गावी परतली होती, आणि असलं काम जाणणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. बाणकोटपासून पूर्णगडपर्यंत किनाऱ्यावर संघाची पाच वायरलेस केंद्रं होती. समुद्रातल्या बोटींशी तिथून होणारं प्रत्येक बोलणं आता टेलिफोन लाइनीवरून कचेरीत आणून साठवायचं होतं. बोटींची कागदपत्रं, खलाशांचे फोटो, तेही सगळं त्याच जागी. त्यासाठी संघानं चौदा डिस्कची मोठी यंत्रणा घेतली होती. तिचे भाग कसे पाडायचे, कुठल्या केंद्राला किती जागा द्यायची, एखादी डिस्क बंद पडली तर काय, हे ठरवणं मनस्विनीचं काम.

मागच्या वर्षी एक बोट सहा माणसांसकट गेली होती. शेवटी तिच्याशी कोण काय बोललं, हे कोणालाच सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून सचिव साळवींनी या कामाचा ध्यास घेतला होता.

"किती दिवसांचं ठेवायचं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"कायमचं," साळवी म्हणाले.

"कायमचं कुठेच मावत नाही, साहेब."

बरीच घासाघीस होऊन नव्वद दिवसांवर ठरलं. त्यापुढचं यंत्रणा आपोआप पुसणार होती.

मासेमारी बंदीचे दिवस होते. सगळ्या बोटी किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली होत्या. मनस्विनीच्या दृष्टीनं हे सोयीचंच होतं. रेकॉर्डिंग फक्त आवाज आला तरच सुरू व्हायचं, म्हणजे या दिवसांत ते शून्य असायला हवं. शून्य नीट दिसलं की पुढची मापं बिनधास्त घेता येतात.

चार केंद्रांचं शून्य आलं. अंजनवेलचं येईना. तिथून रोज दुपारी तीन चाळीसला एक फाइल येत होती. अठरा मिनिटांची.

अंजनवेलला मोठा वीजप्रकल्प आहे, तारांचा गुणगुणाट लाइनीत शिरत असेल, असं तिला वाटलं. किती मोठा आवाज आला की रेकॉर्डिंग सुरू करायचं, ती मर्यादा तिनं वाढवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा मिनिटं. तिनं यंत्राचं घड्याळ तपासलं, ते बरोबर होतं. आदल्या दिवशीचीच फाइल पुन्हा येतेय का, म्हणून दोन फाइली शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या एकसारख्या नव्हत्या. शेवटी तिनं हेडफोन लावले.

गुणगुणाट नव्हता. इंजिन चालू होतं. मधूनच एक ठोका चुकवत, ठराविक लयीत. फळ्यांवर पाणी आपटत होतं. आणि अगदी जवळ, माइकला तोंड लावल्यासारखा, कोणाचा तरी श्वास. बोलण्याचं बटण कोणीतरी दाबून धरलं होतं आणि बोलत मात्र काहीच नव्हतं. अठरा मिनिटांनी फाइल मध्येच तुटत होती.

कचेरीतला वायरलेस केरूकाका सांभाळायचा. साठीचा माणूस, जन्म समुद्रावर गेलेला. वर्षभरापूर्वीपर्यंत तो अंजनवेललाच होता. तिनं हेडफोन त्याच्या कानाला लावले.

"काका, हे काय असेल?"

त्यानं अर्धं मिनिट ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "खरखर हाय, बाय. पावसाळ्यात होता असा." मग तो उठून पडवीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

दोन दिवसांनी मनस्विनी स्वतःच अंजनवेलला गेली. केंद्र म्हणजे गोपाळगड किल्ल्याच्या अलीकडे चिऱ्याची एक खोली. तिनं कुलूप काढलं, तेव्हा तीन वाजून गेले होते. टेबल रिकामं होतं. वायरलेसचा सेट नव्हताच. छपरावरची अँटेनाची तार तुटून भिंतीवर लोंबत होती, आणि टेलिफोनच्या लाइनीचं टोक उघडंच जमिनीवर पडलं होतं.

तिनं मोबाइलवरून कचेरीत फोन लावला.

"काका, इथला सेट कुठाय?"

"हा माझ्यासमोर कपाटावर. जूनमध्येच दुरुस्तीला आणलान. झालाय दुरुस्त, पोचवायचा राहिलाय."

तीन चाळीस होईपर्यंत दोघं फोनवर तसेच थांबले. खोलीत वाऱ्याचाही आवाज नव्हता. तिनं जमिनीवरचं लाइनीचं टोक उचलून हातात धरलं.

"काका, स्क्रीनवर बघा. अंजनवेलसमोर काय दिसतंय?"

"हिरवा दिवा लागलाय," केरू म्हणाला. "येतेय."

तिनं हातातली तार खाली ठेवली आणि ती बाहेर उन्हात येऊन उभी राहिली. फोन अजून चालू होता.

"बाय," पलीकडून केरू हळूच म्हणाला, "इंजिन बाळाच्या बोटीचं हाय. मी त्या दिवशीच ओळखलं."

बाळा त्याचा भाचा, मागच्या वर्षी बुडालेल्या त्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य. केरूनं फोनवरच सगळं सांगून टाकलं. बोट बुडाली त्या दुपारी अंजनवेलला ड्यूटी त्याची होती. समुद्र शांत होता म्हणून तो सेट सोडून जेट्टीवर पत्ते खेळायला गेला. परत आला तर सेट मुका. चौकशीत त्यानं सांगितलं की हाकच आली नाही. बाळाच्या आईला, म्हणजे सख्ख्या बहिणीलाही त्यानं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं केरू सेट घेऊन अंजनवेलला गेला. तार चढवली, लाइन जोडली. मनस्विनी कचेरीत हेडफोन लावून बसली.

तीन चाळीसला दिवा लागला. तेच इंजिन, तेच पाणी, तोच श्वास. मग त्या सगळ्यावर केरूचा आवाज आला.

"अंजनवेल ऐकतंय. बाळा, मी हाय इथं. बोल."

कोणी बोललं नाही. तो थांबला. पुन्हा म्हणाला, "मी जाग्यावर नव्हतो रे. आता हाय."

इंजिनाचा एक ठोका चुकला, दुसरा चुकला, आणि ते बंद पडलं. नुसतं पाणी राहिलं. त्यानंतर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, बटण सोडल्याचा बारीक खटका ऐकू आला. हिरवा दिवा विझला. फाइल अकरा मिनिटांची झाली होती.

पुढच्या दिवशी अंजनवेलचं शून्य आलं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

केरू अंजनवेलहूनच बहिणीकडे गेला आणि तिला खरं सांगितलं. आठवड्यानं ती बहीण, मालन, कचेरीत आली. नऊवारी नेसलेली काटक बाई. भाऊ दाराशी उभा होता, त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

"मला ऐकव, बाय."

मनस्विनीनं अठरा मिनिटांची एक फाइल लावली. मालन डोळे मिटून ऐकत होती. मध्येच बोट उचलून म्हणाली, "हा भिकाजी. छातीत कफ होता त्याच्या." थोड्या वेळानं, "हा बाबल्या, पाय आपटतोय." मनस्विनीला एकाच माणसाचा श्वास ऐकू आला होता. मालननं एकेक करून पाच नावं घेतली. शेवटी म्हणाली, "आणि हा माझा. श्वास घेताना नाकात शिट्टी वाजते, ल्हान असल्यापासून."

फाइल संपल्यावर तिनं विचारलं, "ह्याचं काय करणार आता?"

"नव्वद दिवसांनी पुसलं जाईल, मावशी. पण तुम्ही म्हणत असाल तर मी वेगळा भाग करून ठेवते. कायमचं राहील."

मालन उठली.

"नको. रोज रोज त्यांना तेच कशाला करायला लावायचं?"

ती निघाली. दाराशी भावाजवळ क्षणभर थांबली, आणि "जेवायला ये," एवढंच म्हणून पायऱ्या उतरली.

काम ऑगस्टमध्ये पुरं झालं. अंजनवेलला इतर केंद्रांइतकीच जागा दिली. बोटी समुद्रात गेल्या, पाचही केंद्रं बोलू लागली. फाइली पुसायची वेळ मनस्विनीनं दुपारची ठेवली होती, आणि ऑक्टोबरमध्ये रोज त्या वेळेला ती मुद्दाम कचेरीत येऊन बसायची. अंजनवेलच्या जुलैच्या यादीतून रोज एक ओळ जायची. जायच्या आधी ती एकदा ऐकायची. मालननं नावं घेतल्यापासून तिला ते सहाही जण वेगवेगळे ऐकू येत होते, आणि एक जण, कफ असलेला, दर दिवशी माइकच्या थोडा जवळ आल्यासारखा वाटत होता. तिनं हे केरूला सांगितलं नाही.

शेवटची, अकरा मिनिटांची फाइल मात्र तिनं ऐकली नाही. खिडकीकडे तोंड करून ती उभी राहिली. वळून पाहिलं तेव्हा जुलैची यादी रिकामी होती. पलीकडच्या टेबलावर केरू कुठल्याशा बोटीला वाऱ्याची दिशा सांगत होता. सांगून झाल्यावरही तो सेटपाशीच बसून राहिला.