पाठमोरी ओळख

"मॅडम, तुम्ही दिलेला हुकूम कुणी पाळलाच नाही, तर तुम्ही काय करता?"

प्रश्न विचारून गोगलगाय उभीच राहिली. शाळेचं सभागृह पोरांनी खचाखच भरलेलं, व्यासपीठावर पाहुण्या म्हणून आलेल्या न्यायाधीश मॅडम, आणि मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणींचं टोळकं तोंडावर हात दाबून बसलेलं. पैज त्यांनीच लावली होती. गेले कित्येक दिवस मधल्या सुट्टीत हिचं एकच दळण चालू होतं: कोर्ट आणि सरकारी खातं, खातं आणि कोर्ट. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात उंच, जिला शाळाभर शिडी म्हणतात, ती वैतागून म्हणाली, "आमच्यापुढे कसली भाषणं ठोकतेस? शुक्रवारी खरी न्यायाधीश येतेय, तिला विचार. नाही विचारलंस तर जन्मभर गोगलगाय."

हे नाव तिला पहिलीपासून चिकटलं होतं. हजेरी देतानासुद्धा तिला घाम फुटायचा. मग यंदा वादविवाद स्पर्धेच्या दिवशी कुणीतरी आजारी पडलं, बाईंनी आयत्या वेळी हिला उभं केलं, आणि ही जी बोलत सुटली ती घंटा वाजली तरी थांबेना. पोटातले पाय एकदाचे बाहेर आले, असं शिडी म्हणायची, आणि आता ते धावायलाही लागलेत.

मॅडम हसल्या. प्रश्न चांगला आहे म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून सरळ उचलल्यासारखं होतं. कोर्टाचा अवमान हा गुन्हा आहे, त्याला दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो, मग समोर कितीही मोठं सरकारी खातं असो. शिक्षकांनी माना डोलावल्या. फुलांचा गुच्छ घेतलेली मुलगी कडेला तयारच होती.

"होऊ शकतो हे कळलं," गोगलगाय म्हणाली. "पण झालाय का? इमिग्रेशन खात्यातल्या कुणाला?"

 मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ 'खाली बस' असा होतो हे शाळेतल्या भिंतींनाही ठाऊक आहे. पण ती बसली नाही, कारण तिच्या डोळ्यांपुढे मामा होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आईचं बोट धरून या देशात आला तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. इथेच शिकला, इथेच हातात कात्री धरली, आणि चौकातलं सलून त्याने स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. राहण्याच्या परवान्याचा निकाल लागायचा होता, म्हणून दर थोड्या महिन्यांनी त्याला खात्याच्या कचेरीत हजेरी द्यावी लागायची. तो इमानेइतबारे जायचा. जाण्याआधी स्वतःची दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि दुकानाच्या दारावर 'तासाभरात येतो' अशी पाटी लावायचा. हिवाळ्यातल्या एका सकाळी तो असाच गेला आणि त्यांनी त्याला तिथेच धरून ठेवलं. ती पाटी अजून दारावर आहे.

वकीलबाईंनी त्याच दिवशी कोर्टाकडून हुकूम मिळवला: सुनावणी होईपर्यंत या माणसाला शहराबाहेर हलवायचं नाही. हुकमाची प्रत घेऊन बाबा कचेरीकडे धावले, आणि शाळेला सुट्टी म्हणून ही त्यांच्याबरोबर. तरी त्या दोघांच्या डोळ्यांदेखत मामाला नेणारी गाडी निघून गेली. त्याला विमानात बसवून देशाबाहेर काढलं, आणि आता मामा जन्मला त्या देशात आहे, जिथे त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. कुणाच्या तरी माळ्यावर झोपतो आणि फोनवर 'मजेत आहे' म्हणतो. तो मजेत नाही हे आईला त्याच्या श्वासावरून कळतं.

खात्याचं कोर्टात म्हणणं काय, तर गाडी आधी निघाली, हुकूम मागून आला. फाटकाशी आमच्या कुणीही कसलाही कागद घेतला नाही. कोर्टाने विचारलं, नक्की का? खातं म्हणालं, चौकशी करून सांगतो, वेळ द्या. कोर्टाने वेळ दिला. मग संबंधित साहेबांची बदली झाली म्हणून पुन्हा वेळ. जणू कोर्टाच्या अंगणात वेळेचं झाड होतं आणि खातं येऊन टोपली भरून नेत होतं. शाळेत गृहपाठ आणला नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभं करतात. इथे एक आख्खा माणूस परत आणून दिला नाही, तरी खातं आपलं वर्गातच बसलेलं, तेही पहिल्या बाकावर.

म्हणून ती बसली नाही.

मॅडमनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "माझ्या हातून तरी अजून नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता पुस्तकातला राहिला नव्हता. मग त्या सावकाश सांगत गेल्या. कोर्ट जाब विचारतं, खातं दिलगिरी कळवतं. कोर्ट कडक शब्द वापरतं, खातं मान खाली घालतं आणि पुढच्या वेळी तसंच वागतं. अमुक एका माणसाने जाणूनबुजून हुकूम मोडला हे सिद्ध व्हावं लागतं, आणि तो अमुक एक माणूस कधी सापडतच नाही.

"पण ते खोटं बोलत असतील तर?"

"तर ते खोटं आहे, हे कुणीतरी माझ्यासमोर येऊन सांगावं लागतं. मी तिथे रस्त्यावर उभी नसते, बाळा. जो उभा होता तो आलाच नाही, तर माझ्यापुढे एकच गोष्ट उरते. त्यांची."

"म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी झाली का? आणि तो नाही म्हणाला की उठायचं?"

सभागृह खदखदून हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "साक्षीदार नसेल तर, बऱ्याचदा, हो."

तेवढ्यात मुख्याध्यापकांनी खूण केली, गुच्छ पुढे झाला आणि टाळ्या वाजल्या. बाहेर पडताना शिडीने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि जाहीर केलं की आजपासून गोगलगाय मेली, नवं नाव सुचवा. एरवी ती हवेत तरंगली असती. आज मात्र पोटात नुसती आग होती. आधी मॅडमवर, मग खात्यावर, मग 'बऱ्याचदा, हो' या दोन शब्दांवर. चौकात पोचेपर्यंत त्या आगीला एक वेगळंच तोंड फुटलं. रस्त्यावर उभं कोण होतं? ती होती.

सलूनचं दार बंद होतं. काचेला नाक लावून तिने आत पाहिलं. खुर्ची, बाटल्या, खुंटीवर पांढरं कापड, आणि आरशाशेजारी टांगलेला लांब दांड्याचा हातआरसा. तो आरसा तिचा होता. शनिवारी दुपारी ती मामाच्या हाताखाली असायची. तोंडातून शब्द फुटत नव्हता त्या वर्षांतही तिला ते काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही. मामाचा दंडक होता, गिऱ्हाइकाला त्याची मान दाखवल्याशिवाय खुर्चीतून उठू द्यायचं नाही. "तोंड काय, सगळेच बघतात," तो म्हणायचा. "स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. ती दाखवतो तो खरा न्हावी." मग ती मागे उभी राहून आरसा धरायची. त्यामुळे चौकातले निम्मे लोक तिला चेहऱ्याने नाही, तर मागच्या बाजूने ओळखू यायचे. कुणाच्या मानेवर तीळ, कुणाचा एक कान बाहेर, कुणाच्या डोक्यावर चंद्रकोर.

आणि एकाच्या डोक्यावर दोन भोवरे, शेजारी शेजारी, उलट दिशांना फिरलेले. उजव्या कानामागे एक पांढरा व्रण, जो झाकायला मामा तिथले केस बोटभर लांब ठेवायचा. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, म्हणून मामाने त्याला दोनवरमाळे असं नाव ठेवलं होतं. तोही हसायचा, एकीनेच नाकी नऊ आणलेत म्हणायचा. कुठे काम करता विचारलं की गोदामात, एवढंच. तेही एका अर्थी बरोबरच म्हणा. माणसं कोंडायचं गोदाम.

त्या दिवशी फाटकाशी आलेल्या अधिकाऱ्याने काळ्या कापडाने नाकापर्यंत तोंड झाकलेलं होतं. छातीवर नावाची पट्टी नव्हती. बाबांनी हुकूम पुढे केला. त्याने तो घेतला, वाचला, घडी करून वरच्या खिशात घातला. गाडी तेव्हा आवारातच होती, इंजिन चालू, आणि जाळीमागे मामाचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता. मग अधिकारी वळला, गाडीकडे गेला आणि पत्र्यावर थाप मारली. गाडी निघाली. तो वळला तेव्हा तिला दिसले दोन भोवरे, उलट दिशांना फिरलेले, आणि कानामागचे बोटभर लांब केस. मामानेच आठवडाभरापूर्वी कापलेले. तोंड झाकायची अक्कल होती, पण डोकं मामाच्या हाती दिलं होतं हे तो विसरला.

हे तिने घरी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. आईने तिच्या तोंडावर हातच ठेवला. तू काही पाहिलं नाहीस, कळलं? बाबांनीही वकीलबाईंना एवढंच सांगितलं, कागद मी दिला, पण कुणाला ते माहीत नाही. तेही कोर्टात येऊन नाही, नुसतं फोनवर. आई-बाबांच्या परवान्यांची मुदत वाढवून घ्यायची होती, आणि त्या फायली त्याच खात्याच्या टेबलावर होत्या. ती स्वतः इथेच जन्मली, तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार, असं बाबा म्हणायचे, आणि त्यांच्या घरात दोघं पाण्यात होते.

ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिने वकीलबाईंना फोन लावला. भोवऱ्यांपर्यंत पोचली तेव्हा पलीकडे कागद-पेन शोधल्याचा आवाज आला. मग वकीलबाईंनी विचारलं, कोर्टात शपथेवर सांगशील? ती चढ्या आवाजात म्हणाली, खात्यातल्या सगळ्यांना कोर्टात पाठमोरं उभं करा, मी आरसासुद्धा आणते. वकीलबाई जरा हसल्या. आरसा नको म्हणाल्या. फाटकाशी कागद कुणी घेतलाच नाही असं खातं म्हणतंय. कुणीतरी घेतला आणि तू त्याला ओळखतेस, एवढं सांगितलंस की त्याला बोलवायला लावणं माझं काम. मात्र ते तुला घाबरवायचा प्रयत्न करतील, आणि घरी विचारल्याशिवाय मी तुला उभं करणार नाही; मंगळवारी सुनावणीला घरचं एक मोठं माणूस तुझ्याबरोबर लागेल.

घरी आई भाजी चिरत होती. बाबा बस डेपोतून नुकतेच आले होते, बूट सोडत होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. न्यायाधीश मॅडम, चोराची गोष्ट, फोन. आईची सुरी थांबली.

"तुझं वय काय, तू बोलतेस काय," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "उद्या आमची फाइल फेकली तर? एकाला परत आणायला जाशील आणि दोघांना घालवून बसशील."

"मग ते जे करतात ते बरोबर आहे का?"

"बरोबर नाही, म्हणून तर भीती वाटते. बरोबर वागणाऱ्याला कोण घाबरतं?"

 तिने आईकडे पाहिलं. आई पाटावरच्या भाजीकडे बघत होती. 

"परवा तो विचारत होता," आई एकदम म्हणाली, "दारावरची पाटी काढली का. लोक उगाच वाट बघत बसतील, म्हणाला." मग तिने पदराने नाक पुसलं आणि कांद्याला दोष दिला. पाटावर भेंडी होती.

बाबांनी बूट कोपऱ्यात नेऊन नीट जोडीने ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. ते रागात आहेत की विचारात, हे तिला कळेना. भीती तिलाही होती. पण फाटकाशी जे घडलं ते तीन माणसांनी जवळून पाहिलं होतं. त्यातला एक तोंड झाकून फिरत होता आणि एक बुटांशी खेळत होता.

"मंगळवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण तिने तो कापू दिला. "मी साक्ष देणार. तुम्ही दोघांनी रागवा, अबोला धरा, काय वाट्टेल ते करा. वकीलबाई म्हणाल्या, माझ्याबरोबर घरचं एक मोठं माणूस लागेल. कोण येणार ते तुम्ही ठरवा. मी जाणार, ते ठरलंय."