सासूबाई, बुरशी आणि गल्लीभरच्या ओल्या चादरी

सासूबाईंचं ओलाव्याशी हाडवैर होतं. भांडं घासलं की पुसायचं, पुसलं की उन्हात पालथं घालायचं, आणि ज्या फडक्याने पुसलं तेही लगेच वाळत टाकायचं. घरात येणाऱ्याने आधी छत्री झटकायची, मग स्वतःला. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘कोरडेबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अशा बाईच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याला खेटून, सुनेने एके दिवशी बुरशीचं पाकीट ठेवलं. तेही विकत आणून.

“बुरशी? पैसे मोजून?” सासूबाई म्हणाल्या. “अगं, पाव चार दिवस विसरलीस तर फुकट मिळते!”

“ही वेगळी, आई. ही काकडीवरचा लाल कोळी मारते.”

घरामागे सुनेचं प्लॅस्टिकने झाकलेलं पॉलिहाऊस होतं आणि त्यात काकडी. हा लाल कोळी म्हणजे भिंतीवर जाळं विणणारा आपला कोळी नव्हे. डोळ्यांना जेमतेम दिसणारा ठिपका, पण पानाच्या पाठीला चिकटून रस ओढत बसतो. आधी पानांवर पांढुरके ठिपके येतात, मग पानं पिवळी पडतात, शेवटी शेंडे बारीक जाळीत गुरफटतात. सुनेने एकामागून एक औषधं फवारून पाहिली होती. कोळी ती पचवून ढेकर देत होते.

“ही बुरशी त्याच्या अंगावर रुजते, मग आत शिरते आणि आतून त्याला खाते,” सुनेने समजावलं.

“आतून?” म्हणत सासूबाईंनी लोण्याचा डबा वरच्या कप्प्यात हलवला.

चेष्टा बाजूला ठेवली तर प्रकरण गंभीर होतं. हे पीक गेलं तर पॉलिहाऊस बंद करायचं आणि मुलाने-सुनेने दूरच्या शहरात मेहुण्याच्या कारखान्यात कामाला लागायचं, असं ठरलं होतं. मुलगा तसा कशालाही तयार असे. तो ज्या खोलीत उभा असेल त्या खोलीतल्या बाईचं मत तेच त्याचं मत. सासूबाई वरवर म्हणत, “जा की खुशाल. मला मेलीला शांतता तरी मिळेल.” पण दार लावून घेतलं की पलंगाच्या कडेवर नुसत्या बसून राहत. एवढं मोठं घर आणि पुसायला एकटीचं एक ताट! मात्र हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी जीभ चावून तुकडा पाडला असता.

सुनेने अर्धं पाकीट पाण्यात कालवलं आणि संध्याकाळी पानांच्या खालून, एकही पान न सोडता फवारलं. दिवस गेले. कोळी मरेनात. उलट त्यांनी चांगलं बाळसं धरलं. सून भिंग घेऊन पानामागून पान उलटून बघायची आणि तिचा चेहरा आणखी उतरायचा.

शेवटी सासूबाईंना राहवेना. “अगं, मी तर रोज काळजी घेते. तुम्ही उठायच्या आत पॉलिहाऊसच्या बाजूचे सगळे पडदे वर गुंडाळते. आत काय तो दमटपणा! म्हटलं, पोरीची झाडं कुजायची.”

सुनेच्या हातातलं भिंग खाली आलं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “बुरशीला दमटच लागतं. कोरड्या हवेत ती रुजत नाही. कोरडं आवडतं ते कोळ्याला.”

म्हणजे इतके दिवस सासूबाई भल्या पहाटे उठून कोळ्यांची सेवा करत होत्या. दारात आलेला मुलगा हे ऐकून आल्या पावली मागे फिरला. सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. ती एवढंच म्हणाली, “चूक माझी. मीच आधी सांगायला हवं होतं.” त्या संध्याकाळी मुलगा मेहुण्याला फोनवर सांगत होता, “हो, येतो बहुतेक आम्ही.” सासूबाईंना जेवण गेलं नाही.

उरलेलं अर्धं पाकीट सुनेने फवारलं, ते वाया जाऊ नये म्हणून. जमिनीवर बादल्या ओतल्या, पण जुन्या प्लॅस्टिकला जागोजाग चिरा आणि बाहेर कोरडं वारं. ओल मोजणाऱ्या तबकडीचा काटा काही वर चढेना.

“किती हवी?” सासूबाईंनी विचारलं.

“हिरव्या रेघेच्या वर. पण नाही जमणार, आई.”

सासूबाई घरात गेल्या आणि कपाट रिकामं करू लागल्या. चादरी, अभ्रे, पाहुण्यांसाठी जपलेले टॉवेल, सगळं टबात बुडवलं आणि निथळतं तसं आणून पॉलिहाऊसमधल्या तारांवर टाकलं. न पिळता! हात पिळायला नुसते शिवशिवत होते. काटा हलला, पण रेघेपर्यंत पोचेना.

मग त्या पदर खोचून तोऱ्यात शेजारणीच्या दारात गेल्या. हिच्या चादरी कधी नीट वाळत नाहीत, असं त्या आजवर गल्लीभर सांगत आल्या होत्या.

“तुमचं धुणं द्या. ओलंच.”

“वाळवून देणार?” शेजारीण चाट पडली.

“छे! वाळू म्हणून देणार नाही.”

कोरडेबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, ही बातमी शेजारणीने तासाभरात घरोघर पोचवली. मग काय, गल्लीतली प्रत्येक बाई टपटपती बादली घेऊन तमाशा बघायला हजर. फुकटची करमणूक कोण सोडतं? पॉलिहाऊसमध्ये काकडीच्या रांगांतून चादरींच्या रांगा लागल्या. काटा हिरवी रेघ ओलांडून गेला. त्यानंतर सासूबाई तिथून हलल्याच नाहीत. चादर सुकत आली की पुन्हा बुडवायची, आणि कुणी दार उघडं टाकलं की आतून गर्जना, “दार लावा! ओल जातेय!”

काही दिवसांनी सुनेने भिंगातून पाहिलं आणि ती किंचाळली. सासूबाई धावल्या. पानामागे कोळी निपचित पडले होते आणि त्यांच्या अंगावर पांढरी कापसासारखी लव उगवली होती.

“मेले?”

“मेले, आई! आणि ही बुरशी त्यांच्या अंगातून बाहेर आलीय.”

सासूबाई बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. “गोजिरवाणी आहे गं,” त्या म्हणाल्या.

नवे शेंडे स्वच्छ हिरवे निघाले. मुलाने मेहुण्याला फोन करून यायचं रद्द केल्याचं सांगितलं, आणि आपण कुठल्या खोलीत उभे आहोत हे प्रथमच त्याने बघितलं नाही. चादरींवर मात्र काळे ठिपके पडले होते, आणि ते कशाचे हे सासूबाईंना सांगायची गरज नव्हती.

सुनेला कसंतरी झालं. “तुमच्या जपलेल्या चादरी गेल्या, आई. एवढं सगळं काकडीसाठी केलंत!”

“काकडी मला आवडतसुद्धा नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मला तुम्ही दोघं घरात हवी होतात. आता तो पडदा खाली कर. ओल जातेय.”