शिंपीकाकांच्या सुईचं नेढं

मित्रांनो, माझ्या काचेवर दोन चरे आहेत आणि मानेला चिकटपट्टी गुंडाळलीय, तेव्हा माझं वय तुम्हीच ओळखा. मी भिंग. आत दिवा असलेलं, टेबलाला चिमट्याने बसणारं. कारखान्यातून निघालो तो थेट कमी दिसणाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात आलो. तिथली ताई मला गरजेप्रमाणे घरोघर पाठवायची. एका पोस्टमनने माझ्यातून दोन वर्षं पत्ते वाचले. जाताना माझी काच पुसून म्हणाला, "चांगली सोबत केलीस."

मग शिंपीकाका आले. त्यांच्या नजरेत बरोबर मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, मधलं गायब. चष्म्याने होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. दुकान सहा महिने बंद. महिनाभरात जमलं नाही तर दुसऱ्याला देऊन टाकायचं ठरलं होतं.

मला घरी नेलं आणि पहिल्याच दिवशी काकांनी माझ्यातून थेट नेढ्यावर डोळे रोखले. डाग नेमका नेढ्यावरच बसला.

"कुठाय नेढं? हे भिंग बाद आहे!"

झालं! मी खणात, बटणांच्या डब्याखाली. दोन आठवडे. तोवर काकू रोज सकाळी दहा सुया ओवून ठेवायच्या. मायेनेच, पण काका सुईला हात लावेनासे झाले.

मग ताई घरी आली.

"काका, सुईकडे बघूच नका."

"मग काय छताकडे बघू?"

"सुईच्या जरा वर, डावीकडे. डाग तिकडे सरकेल, सुई मोकळी होईल. आणि काकू, तुम्ही हात मागे बांधा."

"अगं पण बोटात टोचलं तर?"

"चाळीस वर्षं टोचतंय," काका म्हणाले, "आज काय नवीन?"

आठ दिवस धागा एकीकडे, सुई दुसरीकडे. काका सुईला शिव्या घालायचे, काकू दारात ओठ चावत उभ्या. मी आपला उजेड धरून.

नवव्या दिवशी धागा गेला. काकांना पटेना, ओढून बघितला. पलीकडून आलेला!

काकू रडायलाच लागल्या. काका वळले.

"थांब, तोंड बघू दे तुझं. सहा महिने झाले."

"मग कानाकडे काय बघताय?"

"कानाकडे बघितलं की तोंड दिसतं, येडे."

सोमवारी दुकान उघडलं.

मित्रांनो, घरात कुणाला कमी दिसत असेल, तर त्यांच्या हातातलं काम ओढून घेऊ नका. शेजारी थांबा. तुमचे हात शिवशिवतील. शिवशिवू द्या.