बाबांच्या कामट्या

माझे वडील गावात हाडं बांधायचे. त्यांच्या मागे बांबूच्या चार कामट्या माझ्याकडे आल्या आणि बांधणंही, बघूनबघून शिकलेलं. मी बांधलेली दोन-तीन मनगटं बरी झाली. डोक्यात हवा जायला तेवढं पुरतं.

त्या सकाळी माझी धाकटी जाऊ, दर्शना, विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. नडगी मधोमध वाकलेली, कातडी मात्र शाबूत. शेजारचा नितेश रिक्षा आणायला निघाला होता. "कशाला? मी आहे ना," म्हणून मी कामट्या लावल्या आणि फडकं करकचून आवळलं.

दुपारी दोनला ती म्हणाली, "वहिनी, मुंग्या येतायत ओ पायाला. जरा सैल करा."

"हाड मोडलंय गो. गुदगुल्या होणारायत काय?"

मी तिच्या पायाचा अंगठा नुसता हलवला तरी किंचाळली. "भारीच नाजूक तू," मी म्हटलं.

संध्याकाळी बोटं बधीर पडली, तेव्हा कुठे मी रिक्षा मागवली.

खेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फडकं कापलं. पोटरी दगडासारखी झाली होती. "कोणी बांधलं हे?"

"आहेत एक म्हातारे आमच्याकडे," दर्शना माझ्याकडे न बघता म्हणाली. "बोटं आत्ताच बधीर झाली, रिक्षात."

मला वाचवत होती पोर. आणि मी वाचवून घेत होते.

"नीट सांगा," डॉक्टर म्हणाले. "आत सूज कोंडून रक्त अडलंय. किती तास झाले, त्यावर पाय वाचणं अवलंबून आहे."

"मी बांधलं. दोनपासून सांगत होती. मी तिला नाजूक म्हटलं."

शेवटचं त्यांनी विचारलं नव्हतं. ते ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिला लगेच आत नेलं. पोटरी दोन्ही बाजूंनी उघडून दाब मोकळा केला, हाडात गुडघ्याकडून सळई घातली. जखमा काही दिवस उघड्याच ठेवायच्या, टाके नंतर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले, "अंगठा वर उचला."

मीच माझा अंगठा चपलेत उचलून बसले. तिचा हलला, तांदळाच्या दाण्याएवढा.

"पुढचं हळूहळू कळेल," डॉक्टर म्हणाले.

"नाजूक आहे, पण हलला हो वहिनी," दर्शना म्हणाली. मला हसता आलं नाही.

तिचे कपडे आणायला घरी आले, तर ओट्यावर शेजारचे आप्पा सुजलेलं मनगट धरून बसलेले.

"कुठे होतीस गो? बांध बघू, बापासारखं."

मला सोडून रिक्षा अजून वळतच होती. मी हात करून ती थांबवली.

"बसा आप्पा. खेडला हाडाचा फोटो काढायला जाऊ. वाटेत सांगते कुठे होते ते."