एकतिसाचा मांडव

या व्यवहारात कपिलला एकच गोष्ट मिळणार होती: सासरा. दारव्ह्याच्या घनश्याम मांडववाल्यांची लेक खुशी त्याला केव्हाच 'हो' म्हणून बसली होती. अडला होता बाप. कॉलेजात तासिकेवर गणित शिकवणं हे घनश्यामांच्या लेखी काम नव्हतं.

"पीएचडी कायची?"

"सान्त क्षेत्रावरच्या क्रमचय बहुपदी. गुप्त संदेशाच्या कामाच्या."

घनश्यामांनी त्यातला 'गुप्त' तेवढा उचलला. कामगारांच्या ग्रुपवर लग्नाची तारीख टाकली, की संध्याकाळी त्यांचा वैरी, गावातला दुसरा मांडववाला हरिसिंग, त्याच वधूपित्याच्या ओट्यावर कमी भाव घेऊन हजर.

कपिलनं तोड दिली. तारखेचा घन करा, एक्केचाळीसनं भागा, बाकी पाठवा. दोन तारखांची बाकी कधी सारखी येत नाही. त्याचा सगळा प्रबंध एवढ्यावरच उभा होता. हेडमिस्त्री जलालनं कोणती बाकी म्हणजे कोणती तारीख याचा तक्ता बनवला. हरिसिंग दोन महिने बाकीलाच तारीख समजून भलत्या ओट्यांवर चहा पीत फिरला, आणि खुशीचं लग्न दहा मेला ठरलं.

मग घनश्यामांनी सुधारणा काढली.

"महिन्याले दिवस एकतीस. एक्केचाळीसनं कायले भागून राह्यलो? दहा फुकट! एकतीस करू. चालते न, जावईबापू?"

चालत नव्हतं. एकतिसातून एक गेला की तीस, त्याला तिनानं भाग जातो, आणि मग घन तीन-तीन तारखा एकाच बाकीत कोंबतो. कपिल हे झोपेतही सांगू शकला असता. पण पत्रिका छापायला गेल्या होत्या, वाटल्या नव्हत्या.

"चालते न, मामाजी."

मेच्या पहिल्या आठवड्यात उमरखेडचं बडं गिऱ्हाईक आलं. तारीख एकोणीस, बाकी आठ. जलालच्या नव्या तक्त्यात आठ तीन ठिकाणी: दोन, दहा, एकोणीस. दोन तारीख उलटली होती, म्हणून त्यानं दहा धरली. जलाल पहाटे येईल म्हणून घनश्याम नऊ तारखेच्या रात्री निवांत झोपले. सकाळी दारात बांबूंसाठी खणलेले नुसते खड्डे. त्यांनी जलालला फोन लावला.

"अबे जलाल, घरचं लगन हाये आज!"

"माईत हाये, सेठ. पन तुमीच म्हणता, गिऱ्हाईक पयले, घर मांगून. सारं सामान उमरखेडात लावलं. अन् फोनवर तारीख इचाराची मनाई बी तुमचीच."

गावात एकच मांडव रिकामा होता. हरिसिंग स्वतः घेऊन आला, आणि वधूवरांच्या नावांपेक्षा मोठा आपला बोर्ड दारावर टांगला.

"तुले माईत होतं?" खुशीनं हार घालताना विचारलं.

"होतं."

"मंग बोलला काहून नाई?"

"पत्रिका वाटाच्या होत्या."

हिशेब असा. कपिलला सासरा मिळाला. हरिसिंगला दुप्पट भाडं आणि अख्ख्या दारव्ह्यासमोर जाहिरात. उमरखेडच्या नवरीच्या बापाला "आता लागलाच हाये तं राहू द्या" म्हणत नऊ दिवसांची सावली. भरलं सगळं घनश्यामांनी, वाचवलेल्या दहांसकट.